पोर्सिलेनच्या सेंटच्या बाटल्या: आधी तोंड बघायचं, शिक्का नंतर

पोर्सिलेनची सेंटची बाटली म्हणलं की लोकांना आधी म्युझियममधल्या बाटल्या आठवतात. लंडनमध्ये १७५० च्या आसपास चेल्सीच्या कारखान्यात आणि सेंट जेम्स भागात शार्ल गुइनच्या कारखान्यात बोटभर उंचीच्या बाटल्या बनायच्या, पोपट, क्युपिड, फळं असल्या आकाराच्या, गळ्याला सोन्याची कडी आणि अंगावर फ्रेंचमध्ये प्रेमाची एखादी ओळ, तीही बऱ्याचदा चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेली. लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मी त्या काचेला नाक लावून बघितल्यात आणि परत गेले तर परत तेवढाच वेळ बघेन. पण मी जमवते त्या या नव्हेत. मी जमवते त्या क्राउन टॉप, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर पितळेचा छोटासा मुकुट बूच म्हणून बसवलेला असतो त्या जर्मन बाटल्या. साधारण १९१० ते १९४० या काळातल्या, पाच ते दहा सेंटिमीटर उंच, आणि प्रत्येक बाटली म्हणजे कुणीतरी असतं. कुत्रा, मांजर, हत्ती, डच टोपी घातलेली मुलगी, आखूड केसांची फॅशनेबल बाई, आणि सगळ्यात जास्त म्हणजे पिएरो, तो पांढऱ्या झग्यातला उदास विदूषक, काळे गोंडे लावलेला.

या बाटल्या त्या काळात काही फार महागाच्या नव्हत्या. प्रवासाची आठवण म्हणून, वाढदिवसाला भेट म्हणून घ्यायच्या, दुकानातून साध्या बाटलीत सेंट आणायचं आणि नरसाळ्याने यात ओतून ड्रेसिंग टेबलवर ठेवायचं. मला त्यांचं अप्रूप वाटतं ते याचसाठी. चेल्सीची बाटली सरदाराच्या बायकोकडे असणार, ही एखाद्या टायपिस्ट मुलीकडे असेल, आणि तिने ती रोज उघडली असेल.

मी म्युनिकला राहते. इथे आउअर डुल्ट नावाची जत्रा वर्षातून तीनदा भरते, मारियाहिल्फ चर्चच्या भोवतीच्या मैदानात, १७९६ पासून आऊ या भागात भरतेय. पाळणे, भाजलेले बदाम वगैरे सगळं आहेच पण एक अख्खा भाग नुसत्या भांड्याकुंड्यांचा असतो आणि त्याला लागून जुन्या वस्तूवाल्यांच्या रांगा. क्राउन टॉप मला जास्तीत जास्त तिथेच मिळाल्या. ऑनलाइन लिलावात ढिगाने असतात, पण तिथे बाटली हातात घेता येत नाही आणि या वस्तूचं सगळं गणित हातात घेण्यावर आहे, म्हणून ज्यांना सुरुवात करायचीय त्यांना मी आधी बाजारातच जायला सांगते.

यावेळी जो पिएरो घेतला त्याचीच गोष्ट सविस्तर सांगते, म्हणजे सगळी प्रोसेस कळेल. सांगलीहून सासूबाई आल्या होत्या त्यामुळे त्या बरोबर होत्या. एका आजींच्या टेबलावर काचेच्या मण्यांच्या ढिगात तो बसलेला दिसला, गुडघे पोटाशी घेतलेला, सात सेंटिमीटरच्या आसपास, डोक्यावर काळपट पडलेला क्राउन.

अशी बाटली उचलताना क्राउनला धरून कधीच उचलायची नाही, कारण बूच सैल असेल तर बाटली सुटून खाली जाते आणि बूच आपल्या हातात राहतं. दोन्ही हातांनी, टेबलाच्या वरच, जेमतेम चार बोटं उंच. आणि उचलली की बहुतेक सगळे लगेच उलटी करून खालचा शिक्का बघतात. मी ते शेवटी करते. शिक्का मारणं सगळ्यात सोपं काम आहे. माइसेन या जर्मन कारखान्याचा दोन तलवारींचा शिक्का १७२० च्या दशकापासून चालू आहे आणि जवळजवळ तेव्हापासूनच त्याची नक्कलही चालू आहे, पॅरिसच्या सॅमसन कंपनीने तर १८४५ पासून जुन्या चेल्सी, माइसेन, चिनी अशा सगळ्यांच्या प्रतिकृती करण्यावरच धंदा उभा केला. क्राउन टॉपमध्ये उलटी अडचण आहे, बऱ्याच खऱ्या बाटल्यांवर कारखान्याचा शिक्काच नसतो. म्हणून मी आधी बाटलीचं तोंड बघते. वापर कुठे होतो तर तोंडाशी, सेंट सांडतं तिथे, बोटं लागतात तिथे, बूच फिरतं तिथे, आणि सत्तर-ऐंशी वर्षांचा वापर कुणाला एका दुपारी रंगवून आणता येत नाही.

जुना क्राउन हा पातळ पितळी पत्रा ठोकून केलेला असतो, नखाएवढा, त्यावर सोनेरी किंवा रुपेरी मुलामा. खाली बारीक नळी आणि नळीला कॉर्क गुंडाळलेला, त्या कॉर्कमुळे तो गळ्यात घट्ट बसतो. मुलामा कुठे गेलाय ते बघायचं. बूच काढताना अंगठा आणि तर्जनी क्राउनच्या दोन बाजूंना लागतात, तिथे मुलामा उडून पितळ दिसायला पाहिजे आणि मुकुटाच्या टोकांच्या आतल्या खोबणीत तो शिल्लक पाहिजे. सगळीकडे सारखाच काळा असेल किंवा खोबणीतच जास्त झिजलेला असेल तर तो काळा केलेला आहे. क्राउनखाली कॉर्कऐवजी प्लॅस्टिक असेल तर निदान बूच तरी नंतरचं. मग गळ्याची कड. तिथलं ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, बारीक खरवडलं गेलेलं असतं, आणि खरं वापरलेलं असेल तर कडेला एक पिवळट तपकिरी रेघ असते, सेंट ओघळून सुकल्याची. आमच्या पिएरोच्या मानेमागे ती रेघ अगदी कॉलरपर्यंत आली होती. मला तिथेच पटलं.

सासूबाई हे सगळं बघत होत्या आणि म्हणाल्या, "अगं, वाजवून बघ की आधी. बरणी घेताना आपण वाजवतो का नाही." त्यांनी स्वतःच बोट वाकवून, नखाने हलकेच टिचकी मारली. छान बारीक टणकार आला. मग त्याच टेबलावरच्या दुसऱ्या बाटलीला मारली, एक बसलेला कुत्रा होता, तो बद्द वाजला. टॉर्च लावला तर कुत्र्याच्या पोटाला केसाएवढी तडा, वरून दिसतही नव्हती, आतून उजेड अडल्यावर काळी रेघ दिसली. पोर्सिलेन पातळ असेल तिथून उजेड पार होतो, साध्या भाजलेल्या मातीतून होत नाही, त्यामुळे टॉर्चने दोन्ही कामं होतात, तडाही कळते आणि वस्तू पोर्सिलेन आहे का तेही. आयुष्यभर लोणच्याच्या बरण्या वाजवून घेतलेल्या बाईला हे शिकवायला लागलं नाही याचा मला फार आनंद झाला, आणि तेव्हापासून मी प्रत्येक बाटली वाजवते.

मग नाक, बोटं, गोंडे, टोपीचं टोक, जे जे बाहेर आलेलं असतं ते ते बोटाने चाचपायचं. दुरुस्त केलेला भाग हाताला कमी गार लागतो, कारण तिथे फिलर आणि रंग असतो, पोर्सिलेन नसतं. बरोबर छोटा यूव्ही टॉर्च असेल तर जाकिटाच्या आडोशाला धरून बघायचं, नवा रंग आणि गोंद आजूबाजूच्या ग्लेझपेक्षा वेगळा चमकतो.

आजी पंचेचाळीस युरो म्हणाल्या. बूच अडकलेलं होतं, हलतच नव्हतं, ते मी त्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे आलं तेव्हापासून असंच आहे, मी जोर नाही लावला." हे ऐकून खरं तर बरंच वाटलं. "किती म्हणतीय ती?" सासूबाई. "पस्तीसला देतायत आई, बूच अडकलंय म्हणून." "घे मग. बूच काय, निघंल."

घरी आल्यावर मग शिक्का. तळाला जांभळट शाईत जर्मनी एवढंच, आणि पाठीवर खाली मातीत दाबलेले चार आकडे. आता यातून काय कळतं? अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर तो बनला त्या देशाचं नाव लिहायलाच लागायला लागलं. म्हणजे देशाचं नाव आलं की वस्तू बहुतेक करून त्यानंतरची. जपानी बाटल्यांना हाच नियम जास्त कामाला येतो, निप्पॉन, म्हणजे जपानचंच जपानी नाव, असेल तर १८९१ ते १९२१, कारण १९२१ पासून अमेरिकेने जपान असंच लिहायला लावलं, आणि ऑक्युपाइड जपान असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतचा काळ. जर्मनीचं पण तसंच आहे, यूएस झोन, म्हणजे अमेरिकन फौजांच्या ताब्यातला भाग, असेल तर युद्धानंतरची पहिली काही वर्षं, वेस्ट जर्मनी असेल तर १९४९ च्या नंतर. नुसतं जर्मनी म्हणजे बहुतेक वेळा जर्मनीच्या फाळणीच्या आधीचं. दाबलेले आकडे हा साच्याचा नंबर असतो, कारखान्याच्या कॅटलॉगमधला, वर्ष नव्हे. कुणी १९२५ असा नंबर दाखवून हे साल आहे म्हणलं तर ऐकून घ्यायचं आणि पुढे जायचं.

कारखान्याचा शिक्का असलेल्यांमध्ये गोबेल सगळ्यात ओळखीचा. १८७१ मध्ये कोबुर्गजवळ ओएस्लाऊला सुरू झालेला कारखाना, ते गाव आता र्‍योडेनटालमध्ये येतं. युद्धापूर्वीच्या मालावर डब्ल्यू आणि जी ही अक्षरं गुंफलेली आणि वर मुकुट, १९५० पासून व्ही अक्षरात उडणारी मधमाशी. गोबेलची बाटली घेताना पैसे जास्त पडतात पण चेहरे खरंच सुंदर रंगवलेले असतात, भुवई एका फटक्यात काढलेली असते. थुरिंगियातल्या रुडोलश्टाटचा शेफर उंड फाटर हा दुसरा, १८९० ते १९६२ चालला, त्यांचे चेहरे हसरे, जरा वात्रट. त्या पट्ट्यात केओलिन, म्हणजे पोर्सिलेनची पांढरी माती, होतं, भट्टीला लाकूड द्यायला जंगल होतं, म्हणून १७६० पासून तिकडे गावोगाव पोर्सिलेनचे कारखाने निघाले, आणि त्यातल्या छोट्या कारखान्यांचा माल कितीतरी वेळा नुसता जर्मनी एवढाच शिक्का घेऊन बाहेर पडला. माझा पिएरो त्यातला.

आता बूच.

हे काम घाईचं नाही आणि मला यातलं सगळ्यात आवडतं काम हेच आहे. सेंटमधलं अल्कोहोल उडून जातं आणि उरलेलं तेल हवेने घट्ट होत होत कॉर्क आणि गळा एकमेकांना चिकटवून टाकतं. ओढलं तर क्राउन नळीपासून सुटून येतो कारण तो तिथे फक्त डाग देऊन जोडलेला असतो, आणि गरम करायचं तर धातू फुगतो आणि पोर्सिलेनचा गळा तडकतो. त्यामुळे जे चिकटलंय तेच विरघळवायचं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. पण त्याआधी रंग तपासायचा. पोर्सिलेन पक्कं भाजतात ते १३५० ते १४०० अंशांना, त्यानंतर वरून काढलेले रंग आणि सोनं परत भट्टीत घालतात पण खूप कमी तापमानाला, म्हणून सोनं घासलं की निघतं. आणि स्वस्तातल्या बाटल्यांवर काही रंग भाजलेलेच नसतात, नुसते लावलेले, त्यांना कोल्ड पेंट म्हणतात. कापसाची काडी किंचित ओली करून पिएरोच्या पाठीमागच्या गोंड्याला लावली, काही आलं नाही. कॉलरला लावली, नाही. खालच्या ओठाच्या अगदी कडेला टेकवली आणि कापसावर लाल ठिपका आला. म्हणजे ओठ कोल्ड पेंट. म्हणजे अल्कोहोलचा एक थेंबसुद्धा चेहऱ्यावर ओघळता कामा नये.

म्हणून बाटलीला टॉवेलच्या वाटोळ्यात मागे कलती बसवली, चेहरा वर, आणि इंजेक्शनच्या बारीक सुईने क्राउन आणि गळ्याच्या फटीत मागच्या बाजूने एक एक थेंब सोडला. थेंब सोडायचा, तो आत जाईपर्यंत थांबायचं, मागे टिश्यू धरायचा. रात्रभर तसंच ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी परत. पहिल्यांदा टिश्यूवर काही येत नाही, मग फिकट चहाच्या रंगाचा डाग येतो, आणि तो यायला लागला की समजायचं आत काहीतरी सैल होतंय. हाताने फिरवून बघायचं पण टोकांना धरून नाही, टोकं वाकतात, क्राउनच्या बुडाशी रबराची पट्टी गुंडाळून तिथे धरायचं आणि उजवीकडे अगदी किंचित, डावीकडे अगदी किंचित. ओढायचं नाहीच. एका संध्याकाळी फिरवताना बारीकसा कर्र आवाज आला, आणि बूच फिरलं. वर यायला त्यानंतरही बराच वेळ लागला पण आलं, नळी शाबूत, कॉर्क अर्धा नळीला आणि अर्धा गळ्यात.

गळ्यातला कॉर्क काढायला क्रोशाची सगळ्यात बारीक सुई. आत ढकलायचा नाही, आत गेला की ओला होऊन फुगतो आणि मग निघत नाही. बाटली आडवी धरून कण कण बाहेर ओढायचा.

आणि मग वास. आत काकवीसारखा दाट तपकिरी थर होता आणि त्याचा वास येत होता, इतक्या वर्षांनी. सेंटमधले हलके वास, लिंबू, फुलं, ते आधी उडून जातात, जड वास मागे राहतात, तेव्हा जे उरलं होतं ते चंदनाच्या जवळचं, गोडसर, थोडं धुरकट, आणि त्याला कॉर्कचा दमट वास लागलेला. सासूबाईंनी बाटली हातात घेऊन डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाल्या, "आमच्याकडे लग्नात अत्तराचा फाया कानात ठेवायचे, दुसऱ्या दिवशी तो असा यायचा." मी आजवर उघडलेल्या सगळ्या बाटल्यांचं याहून चांगलं वर्णन मला करता आलेलं नाही.

हा थर काढायचा की ठेवायचा यावर जमवणाऱ्यांमध्ये दोन मतं आहेत. काही जण म्हणतात तोही इतिहासच, हात लावू नये. मी काढते, कारण तो उन्हाळ्यात पातळ होऊन परत गळ्याशी येतो, नवीन कॉर्कही चिकटवतो आणि बाहेर डाग पाडतो. जरासा कापसाला लावून छोट्या काचेच्या कुपीत ठेवते आणि बाकीचा धुते. कोमट पाणी, सौम्य साबणाचा थेंब, बारीक नरसाळं, हलवायचं, ओतायचं, परत. जास्तच चिकट असेल तर आधी थोडं अल्कोहोल आत. बाहेरून बाटली पाण्यात बुडवायची नाही, चेहऱ्यावर तर पाणीसुद्धा नाही. अमोनिया, लिंबू, व्हिनेगर सोन्याजवळ आणायचं नाही, आणि पितळेच्या क्राउनला ब्रासो लावून चकाचक करायचा मोह होतो तो आवरायचा, ज्या झिजेवरून आपण बाटली ओळखली ती आपणच पुसून टाकायची म्हणजे काय. कोरड्या मऊ फडक्याने पुसला की बास.

नवीन कॉर्क मी कॉर्कच्या पातळ शीटमधून कापते, पट्टी नळीभोवती गुंडाळून, वाइनच्या बुचाला भोक पाडायला गेलं की ते हमखास चिरतं. जुन्या कॉर्कचे तुकडे पिशवीत, त्यावर बाटलीचा साच्याचा नंबर. पुढे कधी बाटली दुसऱ्याकडे गेली तर पिशवी पण जाईल. बूच दाबून बसवायचं नाही, नुसतं टेकवायचं. आणि सेंट भरायचं नाही, कितीही वाटलं तरी. एक थेंब ओघळला की ओठ गेले.

सासूबाई जाताना त्यांना एक बाटली दिली, डच मुलगी, ती त्यांनी हँडबॅगेत नेली, चेक इनला मी देऊ दिली नाही. बूच काढून वेगळं गुंडाळलेलं, गळ्यात कापूस न कोंबता वरून टिश्यू, आणि बाहेरून त्यांच्याच दोन सुती ब्लाउजपीसचा गठ्ठा. सांगलीला नीट पोचली. देवघराशेजारच्या कपाटात गुलाबदाणीच्या बाजूला ठेवलीय म्हणून फोटो आला, आणि खाली लिहिलं होतं, सगळ्यांना वाजवून दाखवली.

तो तडा गेलेला कुत्रा पण मी नंतर घेतला, जत्रेच्या शेवटच्या दिवशी आजींनी सात युरोला दिला. क्राउन नव्हता त्याला, आणि तडा पोटाला आहे, गळा मात्र अख्खा. अशा बिनक्राउनच्या बाटल्या स्वस्त मिळतात आणि नवशिक्यांनी त्या जरूर घ्याव्यात, कारण सुटे क्राउन मिळतात, तुटलेल्या बाटल्यांचे. फक्त गळ्याचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये मोजून तो आकडा जवळ ठेवायचा, नुसत्या अंदाजाने घेतलेला क्राउन बसत नाही, एक मिलिमीटरचा फरक कॉर्क कमी-जास्त करून भागतो, त्याहून जास्त नाही. कुत्र्याचा गळा आठ मिलिमीटर आहे. सप्टेंबरमध्ये न्यूर्नबर्गला ट्रेम्पेलमार्क्ट भरतो, जुन्या शहराच्या गल्ल्यांमध्ये, तिथे एक जण सुट्या बुचांचा पत्र्याचा डबा घेऊन बसतो, त्याच्याकडे बघणारे.